आमचा गेम जर्मनीच्या दुकानातून गायब झाला, त्याची गोष्ट

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. श्टुटगार्टमधल्या आमच्या मराठी मंडळाची दिवाळी. खरी दिवाळी होऊन दोन आठवडे उलटले होते, पण इथे हॉल मिळेल तेव्हा दिवाळी असते. मोठी माणसं फराळाच्या रांगेत होती आणि मुलांच्या खोलीत मी लॅपटॉप लावून बसले होते. पाच वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मामेभावाने मिळून एक छोटा गेम केला होता, तो मुलांना दाखवायचं कबूल केलं होतं.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायची. विषय एवढाच, की साताऱ्याकडच्या एका जुन्या घरात एक मुलगी दिवाळीला येते आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरात हरवलेल्या वस्तू शोधत फिरते. चित्रं मी काढलेली, प्रोग्रॅमिंग त्याचं. दोन तासांत संपतो. जगात खळबळ वगैरे काही माजली नाही.

मुलांना आवडला. मग एका आईने विचारलं, "कुठे मिळतो हा?" मी म्हटलं, स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, साडेतीन युरोला. तिने तिथेच फोन काढला, नाव टाकलं, आणि फोन माझ्यासमोर धरला. ही वस्तू सध्या तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही, असं लिहून आलं होतं. मला वाटलं, नावात काही चूक झाली असेल. मी माझ्या फोनवर लिंक उघडली, तर तेच. माझ्याच लॅपटॉपवर गेम चालू होता आणि त्याच गेमचं दुकानातलं पान मला दिसत नव्हतं.

घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं. १५ नोव्हेंबरपासून, म्हणजे आदल्याच दिवसापासून, वयोगटाचा दर्जा नसलेला कुठलाही गेम स्टीम जर्मनीतल्या ग्राहकांना दाखवणार नव्हतं. ज्यांनी आधी विकत घेतलाय त्यांच्या लायब्ररीत तो राहतो, खेळताही येतो. म्हणून माझा लॅपटॉप बिनघोर चालला होता. नव्याने घेता मात्र येत नाही. आणि आम्ही एकटे नव्हतो. जुने, छोटे, ज्यांचे निर्माते केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेत असे कितीतरी गेम त्या दिवशी जर्मनीतून दिसेनासे झाले होते.

मग हेही कळलं की याची सूचना आम्हाला आलेली होती. ती गेली होती २०१९ साली गेमसाठी म्हणून उघडलेल्या मेलवर. तो मेल आम्ही दोघांनीही दोन वर्षांत उघडलेला नव्हता. तेव्हा कुणावर चिडायची सोय नव्हती. पहिली टीप इथेच देऊन टाकते: दुकानाशी जोडलेला मेल रोजच्या मेलकडे वळवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आम्ही ते पाच वर्षं केलं नाही.

त्या रात्री मी कायदा वाचत बसले. इथल्या तरुण-संरक्षण कायद्यात, म्हणजे युगेंडशुट्झगेझेट्समध्ये, मे २०२१ पासून चौदा-अ हे कलम आलं आहे. चित्रपट आणि गेम पुरवणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठांनी प्रत्येक गोष्टीवर वयाचा शिक्का दाखवला पाहिजे, असं ते सांगतं. जर्मनीत ज्यांचे दहा लाखांपेक्षा कमी ग्राहक आहेत त्यांना सूट. स्टीमला अर्थातच नाही. दर्जे पाच आहेत: ०, ६, १२, १६ आणि १८. डब्यातल्या गेमवर रंगीत चौकोन असतो तोच हा. शून्याला पांढरा, सहाला पिवळा, बाराला हिरवा, सोळाला निळा, अठराला लाल. हे शिक्के बर्लिनची युएसके ही संस्था १९९४ पासून सांभाळते. दुकानांवर ते बंधनकारक झाले २००३ मध्ये, एरफुर्टच्या शाळेतल्या २००२ च्या गोळीबारानंतर कायदा कडक झाला तेव्हा.

युएसकेकडून रीतसर तपासणी करून घ्यायची तर तिथले परीक्षक गेम खेळतात, समितीपुढे मांडतात, आणि त्याचं शुल्क असतं. आमच्या गेमची एकूण कमाई पाहता तो रस्ता बंदच होता. सुदैवाने त्याची गरज नसते. स्टीमने आपल्या आशय-प्रश्नावलीतच सोय केली आहे. ती निर्मात्याने भरायची आणि उत्तरांवरून जर्मनीपुरता दर्जा आपोआप ठरतो. फुकट. आमच्या मंडळातल्या एकांनी मला चांगल्या मनाने सुचवलं होतं, "व्हीपीएन लावून पुण्याचं दाखवायचं आणि घ्यायचं, हाय काय नाय काय." तसं करू नका. ठिकाण लपवून खरेदी करणं स्टीमच्या अटींत बसत नाही, आणि साडेतीन युरोच्या गेमपायी कुणाचं आख्खं खातं गोत्यात आलं तर ते पाप माझ्या माथी.

प्रश्नावली भरायची ती स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे स्टीमच्या निर्मात्यांसाठीच्या भागात. रविवारी सकाळी पुण्याला फोन लावला. तिकडे दुपार होती, भाऊ जेवून लोळत होता.

"स्टीमवर्क्सला लॉगिन कर आणि मला ॲड कर. बाकी मी बघते."

"ताई, तो फोन मी २०२२ मध्येच विकला. त्यातच होतं ना ते कोडवालं."

आता आमची मूळ चूक सांगते. गेम काढला तेव्हा सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर केलं होतं, कारण पॅन त्याचं, बँक खातं त्याचं आणि शंभर डॉलरची नोंदणी फीही त्याच्याच कार्डावरून गेली होती. तेव्हाचे साधारण सात हजार रुपये. (गेमने हजार डॉलरची विक्री केली की ही फी परत मिळते. आम्हाला अजून मिळालेली नाही, यावरून काय ते समजा.) मी फक्त चित्रं पाठवायचे. निर्मात्यांच्या यादीत माझं नाव होतं, खात्यात नव्हतं. म्हणजे मी श्टुटगार्टमध्ये बसून जर्मन कायदा तोंडपाठ करत होते आणि किल्ली कोथरूडमध्ये एका विकून टाकलेल्या फोनात होती.

मोबाइल ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचा कोड फोनवर दाखवणारी सोय, लावताना स्टीम एक सुटकेचा कोड देतं. आर या अक्षराने सुरू होतो आणि पुढे पाच आकडे असतात. कुठेतरी लिहून ठेवा असं तेव्हाच बजावलेलं असतं. "लिहिला होता," भाऊ म्हणाला. "कुठे ते आठवत नाही." सोमवार आणि मंगळवार गेला तो वह्या, जुनी पाकिटं आणि मेल चाळण्यात. बुधवारी, २० तारखेला, विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. मत देऊन तो मामाच्या घरी गेला. मामी जुनी कालनिर्णयं टाकत नाही, कपाटावर दोरीने बांधलेला गठ्ठाच आहे. २०१९ च्या ऑगस्टच्या पानावर, दूध न आल्याच्या खाड्यांशेजारी, त्याच्या अक्षरात तो कोड सापडला. मामीने मला फोन करून ऐकवलं, "बघ, तुम्ही सगळे मला रद्दी टाक, रद्दी टाक म्हणता." मी काय बोलणार!

कोड टाकला, खातं उघडलं. मला त्यात जोडायचं तर फोनवर आलेला कोड टाकावा लागतो, ही अट ऑक्टोबर २०२३ पासून आहे, आणि खात्यात नंबर अर्थातच जुना, बंद झालेला. तो बदलेपर्यंत थांबण्यापेक्षा आम्ही ठरवलं की लॉगिन त्याचंच राहू दे, स्क्रीन शेअर करून दोघांनी मिळून प्रश्नावली भरायची. त्याच संध्याकाळी, इथले सहा, तिथले साडेदहा.

इथे मला वाटलं होतं की दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या गेममध्ये ना बंदूक ना रक्त. भाऊ तर म्हणत होता, "सगळ्याला 'नाही' टाक आणि मोकळी हो." पण एकेक प्रश्न नीट वाचायला लागलं की आपलाच गेम आपल्याला अनोळखी वाटायला लागतो. एका प्रश्नाला हो म्हटलं की त्याखाली आणखी उघडतात.

हिंसा. नाही, असं म्हणणार होतो. मग आठवलं, नरक चतुर्दशीला मुलगी तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडते आणि आजी सांगते, "हा नरकासुर." फळ चिरडल्याचा आवाज आहे, बिया उडताना दिसतात. आता हे फळ की असुर? दहा मिनिटं यावर आमचा वाद झाला. शेवटी कुठल्याही जिवंत पात्राला इजा होत नाही, म्हणून नाही असंच लिहिलं.

भीती. माळ्यावरचा प्रसंग अंधाराचा आहे. कंदील विझतो, आणि कापडात गुंडाळलेली बाहुली खाली पडते. मी तो मुद्दाम दचकवायलाच केला होता. हो.

तंबाखू. आजोबा चंची उघडतात, चुना लावतात, मळतात. तीस सेकंद चालणारं दृश्य आहे, मी त्या हातांच्या चित्रांवर एक आठवडा घालवला होता. हो.

एआयने तयार केलेलं काही आहे का, हाही प्रश्न आहे, २०२४ च्या सुरुवातीपासून. नाही. २०१९ मध्ये मी आणि माझा पेनच होतो.

आणि जुगार. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओटीवर काका मंडळी तीन पत्ती खेळतात. मुलगी त्यांच्यात बसते आणि खेळणाऱ्याला तीन डाव खरंच खेळता येतात, खोट्या नाण्यांवर. घराघरांत चालतं तसं आम्ही ठेवलं होतं, त्यात जुगार आहे हे आमच्या मनातही आलं नव्हतं. पण प्रश्न स्पष्ट होता. खऱ्या पैशांचा संबंध नसला तरी जुगारासारखं काही खेळता येतं का? येतं. हो.

दीड तास लागला. बदल प्रसिद्ध केले आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, २१ नोव्हेंबरला, मी ऑफिसला जाताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, लिंक उघडली तर पान परत आलेलं होतं. शेजारी आकडा: १२.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला. ज्या मुलांसाठी मी तो लॅपटॉप मांडला होता त्यातली बहुतेक सात-आठ वर्षांची होती. इथे हे सांगायला हवं, कारण मंडळात बऱ्याच जणांचा गैरसमज होता: दर्जा विकण्या-दाखवण्यावर बंधन घालतो, घरात आई-वडिलांनी मुलाला काय खेळू द्यायचं ते त्यांचं तेच ठरवतात. तरीही कुठली आई बाराचा आकडा बघून सात वर्षांच्या मुलासाठी विकत घेईल? मीसुद्धा घेतला नसता.

डिसेंबरात दुसरी गोष्ट झाली. आम्ही गेम अँड्रॉइडवर आणावा का, असा विचार करत होतो. गूगल प्लेची प्रश्नावली वेगळी आहे. ती आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची असते. एकदा भरली की वेगवेगळ्या देशांचे दर्जे एकदम मिळतात, तेही फुकट. स्टीम त्या व्यवस्थेत नाही, म्हणून तिथलं इथे चालत नाही, दोनदा भरावंच लागतं. त्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाचं वाचलं. तिथे २२ सप्टेंबर २०२४ पासून खोट्या पैशांचा का होईना, पण खेळता येणारा जुगार असलेल्या नव्या गेमना थेट आर १८+ मिळतो. म्हणजे आजीच्या हातची चकली, गाईच्या पायांची रांगोळी, आणि वर अठराचा शिक्का. मेलबर्नमध्ये माझी मावसबहीण राहते, तिला सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती.

भावाचं म्हणणं होतं, तीन पत्ती काढूनच टाकू. मला ते पटेना. ती ओटीवरची रात्र काढली तर दिवाळीतून काका लोकच वजा होतात. आठवडाभर आम्ही यावर धुमसत होतो. शेवटी मी आठवून पाहिलं, लहानपणी मी स्वतः कधी पत्ते खेळायला बसले होते का? नाही. मुलींना त्या डावात कुणी घेतलंच नाही. आम्ही चहाचे ट्रे नेऊन द्यायचो आणि दारामागून बघायचो. मग तसंच केलं. आता मुलगी चहा घेऊन जाते, कप ठेवताना ज्याचे पत्ते दिसतील ते दिसतात, आणि कोण थापा मारतोय ते तिला कळतं. डाव तिच्या हातात नाही. मला तरी हा प्रसंग जुन्यापेक्षा बरा वाटतो, पण ते चित्रकाराचं मत झालं.

दुसरा बदल कुठल्याही फॉर्मने मागितलेला नव्हता, तो मी माझ्या जिवाला घोर नको म्हणून केला. गेमच्या पहिल्याच दृश्यात उंबरठ्याबाहेर स्वस्तिक होतं. इथे नाझी चिन्हं दाखवणं फौजदारी कायद्याने बंद आहे. वोल्फेनस्टाइन थ्रीडी या गेमच्या प्रती त्यावरून १९९४ मध्ये जप्त झाल्या होत्या. इतिहास किंवा कला म्हणून संदर्भ पाहून सूट द्यायला युएसकेने सुरुवात केली ती थेट ऑगस्ट २०१८ मध्ये. आपलं स्वस्तिक म्हणजे ते नव्हे, धार्मिक वापराला हरकत नसते, हे मला माहीत आहे. पण दुकानाच्या पानावर पहिलंच चित्र ते होतं, आणि छोट्या चौकोनात दिसताना चार ठिपके कुणाला दिसणार? आमच्या इमारतीत माझ्या दारावरच्या तोरणाखालचं स्टिकर पाहून खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा जिन्यात थबकल्या होत्या. मी समजावल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं." त्या दिवसापासून माझ्या दारावर लक्ष्मीची पावलं आहेत.

भाऊ चिडला. "आपण आपलंच का पुसायचं?" त्याचा मुद्दा चूक नाही, आणि माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर आजही नाही. मी पहिल्या दृश्यात गोपद्मं काढली, दिवस वसुबारसेचाच आहे. स्वस्तिक आत देवघरात पाटाखालच्या रांगोळीत ठेवलं, तिथे आजी बसलेली असते आणि कुणाला शंका यायचं कारण उरत नाही.

नवं बिल्ड, म्हणजे गेमची बदललेली आवृत्ती, सगळ्यांसाठी खुलं करायलाही फोनवरचा कोड लागतोच, पण तोवर भावाचा नंबर बदलून झाला होता आणि मलाही रीतसर जोडून झालं होतं. संक्रांतीला, १४ जानेवारीला, आम्ही बदल सोडले आणि प्रश्नावली पुन्हा उघडली. जुगार आता वेगळा झाला होता: दिसतो, खेळता येत नाही. नोव्हेंबरात विसरलेला एक प्रसंग सोडला तर बाकी उत्तरं तीच. आकडा आला ६. शून्य का नाही, असं भावाने विचारलं. बाहुलीमुळे असणार, असा माझा अंदाज. बाहुलीला मी हात लावणार नाही.

एकूण हिशेब: १५ ते २१ नोव्हेंबर गेम बंद, म्हणजे सहा दिवस, एरवीही आमच्या आठवड्याला एखाद-दोन प्रती जातात, तेव्हा बुडालं ते फार नाही. प्रश्नावलीचा खर्च शून्य. बदलांना माझे तीन शनिवार-रविवार आणि त्याच्या बऱ्याच रात्री. तुमचा एखादा जुना गेम असेल तर माझं ऐका, प्रश्नावली भरायच्या आधी स्वतः एकदा पूर्ण खेळून काढा, वही घेऊन. आठवणीवर भरू नका. गेममध्ये सुतळी बॉम्ब डब्याखाली लावतात तो प्रसंग आम्ही नोव्हेंबरात साफ विसरलो होतो, जानेवारीत लिहिला. आणि खात्यात दोघांची तरी नावं ठेवा, सुटकेचा कोड दोघांकडेही.

३० मार्चला मंडळाचा गुढीपाडवा झाला. त्याच खोलीत तोच लॅपटॉप. सात वर्षांची एक मुलगी, इथेच जन्मलेली, नरक चतुर्दशीपर्यंत पोचली. कारीट फुटलं, बिया उडाल्या. आजी गेममध्ये म्हणते, रस जिभेला लाव. मुलीने माझ्याकडे वळून पाहिलं.

"कडू असतं?"

"खूप."

तिने लॅपटॉपच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि खरंच जिभेला लावला.